अर्ध्या तासाची सही

"सुई दिल्यावर अर्धा घंटा इथीच बसा, काकू. बाकावरच. कुठी जाऊ नका."

डॉक्टर मयुरींचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आवाज गोड होता, वाक्य सोपं होतं, आणि न समजण्यासारखा त्यात एकही शब्द नव्हता. तरी मी ते पाळलं नाही. कारण मी व्रतं पाळणारी बाई आहे.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी रोज सकाळ-संध्याकाळ पंचशील घेते, आणि पौर्णिमेला अष्टशील. अष्टशीलाच्या दिवशी दुपारी बारा वाजल्यावर अन्न घ्यायचं नाही, नाचगाणी-नाटकं बघायची नाहीत, फुलांच्या माळा घालायच्या नाहीत, उंच आसनावर बसायचं नाही. जीवहत्या, चोरी, खोटं बोलणं वगैरे तर रोजच वर्ज्य आहे. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसते आणि एरवीपेक्षाही हळू बोलते. हळू बोलणं शीलात कुठं लिहिलेलं नाही. ती माझी पदरची भर. विहारातल्या बायका म्हणतात, नूतनबाईचा आवाज तिच्या शेजारी बसलेलीलाही ऐकू येत नाही. मी हे कौतुक समजत आले आहे.

तर दिवस कार्तिक पौर्णिमेचा, आणि कुत्रा माझ्या सासऱ्यांचा. त्याचं नाव हवालदार. बापूरावांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे नाव ठेवलं तेव्हा त्यानं चोर पकडावेत अशी अपेक्षा असणार. पाच वर्षांत त्यानं फक्त माझी एक चप्पल पकडली. सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नणंदेकडे, संघप्रियाकडे गेले होते. जाताना मला घराची किल्ली देताना काही बोलले नाहीत, दागिन्यांबद्दल काही बोलले नाहीत. हवालदारचा पट्टा हातात देताना मात्र त्यांचे डोळे भरून आले. "याले काही झालं तर मले डोळे असून काय करायचं आहे," म्हणाले. माझे यजमान अहेरीला जंगलखात्यात नोकरीला. ते महिनोन्‌महिने घरी नसतात, तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मला आठवत नाही. असो.

हवालदारची रेबीजची सुई त्याच आठवड्यात होती. आमच्या चिचगव्हाणच्या पशुदवाखान्यात मी त्याला सव्वाअकराला घेऊन गेले. डॉक्टर मयुरी ब्रह्मपुरीकडची पोरगी. वय माझ्या मुलीएवढं, हात मात्र आजीएवढे शांत. सुई कधी टोचली ते हवालदारला कळलं नाही. मग ते वर दिलेलं वाक्य बोलून त्या आत गेल्या, बर्फाच्या डब्यात लशी भरायला. त्यांना बाराच्या आत पिंपळटोल्याला निघायचं होतं. तिथं गाई-बैलांना लाळ-खुरकूतीच्या लशी द्यायच्या होत्या.

मी बाकावर बसले आणि हिशोब मांडला. अर्धा तास म्हणजे पावणेबारा. घरी चालत पंधरा मिनिटं म्हणजे बारा. म्हणजे उपास. आता, धर्मासाठी उपास घडला तर माणसानं आनंद मानावा. पण घरी वांग्याची भाजी होती, नव्या तांदळाचा भात होता, आणि शीलात कुठंही म्हटलेलं नाही की भाजी वाया घालवा.

तेवढ्यात दवाखान्यातले परिचर पत्रूभाऊ रजिस्टर घेऊन आले. त्यात शेवटचा रकाना होता: 'लसीनंतर अर्धा तास थांबले'. त्याखाली सही.

"करून टाका बाई आत्ताच," ते म्हणाले. "मंग मले जेवाले जाता येते."

आता पत्रूभाऊंना जेवायचं होतं, मला जेवायचं होतं, आणि हवालदार तर शेपूट हलवत होता. मी सही केली. नूतन राजदीप, खाली तारीखही घातली, स्वच्छ अक्षरात. बसून अकरा मिनिटं झाली होती. मग मी पट्टा धरून मागच्या फाटकातून निघाले. मागच्या फाटकातून का, ते मला विचारू नका.

बाराला दहा मिनिटं असताना मी ताट वाढलं. पहिला घास उचलला आणि हवालदार भिंतीला तोंड घासू लागला. मी म्हटलं खाज असेल. मग पुढच्या दोन्ही पायांनी तोंड खाजवू लागला. मग त्याच्या पोटावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या. आणि मग त्याचं तोंड सुजू लागलं, माझ्या डोळ्यांदेखत, भाकरी फुगते तसं. आधी ओठ, मग गाल, मग डोळे. पाच मिनिटांत हवालदारच्या जागी एक अनोळखी जनावर बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. बघत होतं म्हणजे, डोळ्यांच्या दोन फटी माझ्या दिशेला होत्या.

घास ताटात ठेवला. घड्याळात बारा वाजले.

मी ओरडले असं मला वाटतं, पण शेजारच्या ठमाबाई म्हणतात की त्या फक्त पापड मागायला आल्या होत्या. त्यांनी हवालदारला पाहिलं आणि निदान केलं, "साप."

"साप नाही, ठमाबाई. सुई दिली होती."

"सुई दिलेल्याले साप चावत नाई काय?"

 ठमाबाईंनी आमच्याच डब्यातली मूठभर हळद काढली, पाण्यात कालवली आणि हवालदारच्या तोंडाला फासली. मी थांबवेपर्यंत तो लग्नाला उभा राहिल्यासारखा दिसू लागला. पलीकडून लटारूभाऊ आले. ते तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांचा सगळ्या विषयांचा अभ्यास आहे. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं.

"एक तर ही ॲलर्जी आहे, नाई तर गालफुगी. गालफुगी असल तर सात दिवसांत बरी होते."

"आणि ॲलर्जी असेल तर?"

लटारूभाऊंनी खाली वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. "तर सात दिवस लागत नाई," म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला.

हवालदारला तेव्हा उलटी झाली. मग त्याचे मागचे पाय वाकडे पडू लागले. हिरड्या पाहिल्या तर पांढऱ्या, माझ्या साडीसारख्या.  राइस मिलची पोती वाहायची हातगाडी लटारूभाऊंच्या दारात होती. तिच्यावर हवालदारला घातलं आणि निघालो. लटारूभाऊ ढकलत होते, ठमाबाई हळदीची वाटी घेऊन मागे, मी मध्ये. वाटेतल्या दोघांनी हात जोडले. मयत समजले असावेत.

दवाखान्यात पत्रूभाऊ जेवून परत आले होते. डॉक्टर पिंपळटोल्याला गेल्या होत्या.

"जाताना त्यांनी इचारलं, काकू बसल्या होत्या ना अर्धा घंटा? मी सही दाखवली. मंग गेल्या."

"पत्रूभाऊ, त्यांना फोन लावा."

"तिथी रेंज नाई."

"मग तुम्ही काही द्या. सुई, औषध."

"मी कसा देऊ? मी परिचर आहे." त्यांनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "आणि बाई, हे पाहा. तुम्ही अर्धा घंटा थांबल्या, कुत्र्याले काही झालं नाई, सही आहे. आता त्याले काही झालं असल तर नवा केस होते. नव्या केसले डॉक्टर लागते. जुन्या केसमध्ये तुमचा कुत्रा बरा आहे."

आम्ही सगळ्यांनी हवालदारकडे पाहिलं. जुन्या केसमध्ये बरा असलेला कुत्रा हातगाडीवर पिवळ्या तोंडानं घरघरत होता.

पंचवीस वर्षं मी रोज दोन वेळा म्हणत आले की मी खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. बोलण्यापासून राहिलेच. लिहिण्याचं मला कुणी वेगळं विचारलं नव्हतं. आता तारखेसह, स्वच्छ अक्षरात, सरकारी रजिस्टरात माझं खोटं बसलं होतं, आणि डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवून पाच किलोमीटर लांब गेल्या होत्या.

पिंपळटोल्याला बस दोन वाजता. एक काळीपिवळी थांबली. चालकानं हवालदारचं तोंड पाहिलं, मग माझं, आणि गाडी पुढे नेली. लटारूभाऊ म्हणाले, "हातगाडीनं नेऊ." पण त्यांचाच श्वास हवालदारपेक्षा वाईट चालला होता.

तेव्हा रस्त्यावर आवाज आला. "मायबाप रसिकहोऽऽ"

वडश्याच्या नाटक कंपनीची प्रचाराची जीप होती. दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक, झेंडूच्या माळा, टपावर दोन भोंगे. थंडी सुरू झाली की आमच्याकडे अशा जीपा धानाच्या गाड्यांपेक्षा जास्त फिरतात. आत एकच माणूस, मिथुन नाव. तोच गाडी चालवत होता, तोच एका हातानं माईक धरून रडत होता. नाटकाचं नाव होतं 'टाकलेल्या मायचा टाहो'.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

मिथुननं हवालदारला पाहिलं, माईक बंद केला आणि मागचं दार उघडलं. कुठं, का, काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "काकू, पण प्रचार बंद नाई करता येत. मालक दर दहा मिनटाले फोन करून भोंगा ऐकते."

मागे पत्रकांचे गठ्ठे होते, म्हणून मी भोंग्याच्या मशीनच्या खोक्यावर बसले. म्हणजे उंच आसन. गळ्याशी झेंडूची माळ लोंबत होती. डोक्यावर नाटकातलं गाणं. एका दिवशी एवढी शीलं मोडायला माणसाला मेहनत लागते. मला बसल्या जागी जमलं. हवालदारचं डोकं मांडीवर होतं आणि जड होत चाललं होतं.

रस्ता खड्ड्यांचा. मिथुनला गिअर बदलायचा होता. "धरा जी जरा," म्हणत त्यानं माईक मागे माझ्या हातात दिला. मी धरला. तो चालू असतो हे मला कुणी सांगितलं नाही.

मी हवालदारशी बोलत होते. हळूच, माझ्या नेहमीच्या आवाजात. "डोळे उघड, बाळा. माझी चूक झाली. मला भूक लागली होती रे. मी तुला बसवलं नाही. मी खोटी सही केली. तुझ्यापेक्षा मला वांग्याची भाजी मोठी झाली. आता बाबांना काय तोंड दाखवू? जाऊ नको. माझं ऐक, जाऊ नको."

बाहेर धान कापणाऱ्या बायका विळे हातात धरून सरळ उभ्या राहिल्याचं मला दिसलं. एकीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, हवालदारला पाहून असेल. मग माझाच आवाज समोरच्या जंगलावर आपटून परत आला, "वांग्याची भाजी मोठी झालीऽ", आणि मला कळलं.

माझा आवाज शेजारणीला ऐकू येत नाही म्हणून विहारात नाव होतं. त्या दिवशी तो तीन शिवारांना ऐकू गेला.

मिथुननं आरशातून पाहिलं. "राहू द्या काकू, मीच धरतो," म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर संकोचून म्हणाला, "आमच्या हिरोइनलेही एवढं जमत नाई जी." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून मी रागावू शकले नाही.

पिंपळटोल्यात ग्रामपंचायतीसमोर गाई-बैलांची रांग लागली होती. दीडशेक जनावरं असतील. डॉक्टर मयुरी रांगेच्या तोंडाशी, हातात सुई. नाटकाची जीप पाहून माणसं रांग सोडून गोळा झाली. पांढऱ्या साडीतली बाई उतरली तेव्हा कुणी तरी म्हणालं, "हेच ते टाकलेली माय." मग हवालदार उतरवला. पिवळा, सुजलेला, जीभ बाहेर.

डॉक्टरांनी एकच शब्द विचारला. "कधी?"

"बाराच्या आधीच. मी बसले नव्हते. सही खोटी आहे."

 त्यांनी पेटी उघडली, एक छोटी कुपी फोडली आणि मांडीत सुई दिली. मग शीर शोधून दुसरी, तिसरी. मला म्हणाल्या, "डोकं धरा. नाव घेऊन बोलत राहा." मी बोलत राहिले. या वेळी माईक नव्हता, हे आधी तपासून घेतलं.

 मग मागून एक आवाज आला.

"काय झालं जी कुत्र्याले?"

"सुई देल्ली म्हणते."

"कोनं?"

"याच मॅडमनं. सकायी."

एवढंच संभाषण झालं. त्यानंतर मला फक्त दोर सुटल्याचे आवाज आले. एक गाय वळली, मग दोन बैल, मग सगळीच रांग. लाळ-खुरकूतीची लस आणि रेबीजची लस वेगळी, हे डॉक्टर मान न वळवता सांगत होत्या, कारण त्यांचं बोट हवालदारच्या नाडीवर होतं. ते बोट काढलं असतं तर रांग थांबली असती. त्यांनी काढलं नाही.

दहा मिनिटांत अंगणात शेण उरलं आणि आम्ही उरलो.

वीसएक मिनिटांनी हवालदारच्या हिरड्या गुलाबी झाल्या. मग त्यानं मान उचलली आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर पाणी प्यायला. तोंड मात्र अजून भोपळ्याएवढंच. मी रडले का ते मला आठवत नाही. मिथुन रडला, पण त्याचा तो धंदा आहे.

समोरच्या घरातून मनकर्णाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी भात आणून दिला. मी हात जोडले. "वेळ टळली, बाई." त्यांनी मग लिंबाचं पाणी आणलं आणि म्हणाल्या, "तुमचंच ना ते वांग्याचं?"

लिंबपाणी पोटात जातं न जातं तोच त्यांच्या ओट्यावर माझ्या फोनला रेंज आली, आणि रेंज येताच नागपूरचा व्हिडिओ कॉल आला. संघप्रिया म्हणाली, "वहिनी, बाबाची पट्टी निघाली. पहिले हवालदारलेच दाखव म्हणतात, आमच्याकडे पाहूनही नाही राह्यले."

खोटं बोलायला रेंज गेली म्हणता आलं असतं. पण त्या दिवसाचा माझा कोटा सरकारी रजिस्टरात संपला होता. मी फोन पायरीकडे वळवला.

पलीकडे सासऱ्यांनी फोन नाकापर्यंत आणला. मग सासरे मुलीला म्हणाले, "डॉक्टरले बोलाव. ऑपरेशन बिघडलं. मले हवालदार रानडुकरावानी दिसून राह्यला, तोही पिवळा."

"बाबा, डोळे चांगले आहेत तुमचे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. सही, मागचं फाटक, भाजी, सगळं. ते ऐकत होते. शेवटी विचारलं, "आता उठते का तो?"

"उठतो."

"तू जेवली?"

"नाही."

"मंग दवाखान्यातून येवढी धावली कायसाठी?" म्हणाले आणि फोन संघप्रियाकडे दिला. पंचवीस वर्षांत सासऱ्यांनी मला याहून जास्त काही सुनावलं नव्हतं. याहून जास्त लागलंही नव्हतं.

डॉक्टर मयुरी पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. आता त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

"असं हजारोंत एखाद्याला होतं, काकू. म्हणूनच तो अर्धा तास असतो. दवाखान्यात असता तर एका सुईत भागलं असतं. पुढच्या वर्षी सुई द्यायच्या आधी मला हे आठवण करून द्या, वेगळी तयारी करून देऊ." मग म्हणाल्या, "पलीकडच्या गावात लाळ-खुरकूत आली आहे. चार बैल बसलेत. आज इथं तेवीस जनावरं झाली. लस उद्या संध्याकाळपर्यंतच टिकेल. मी उद्या येईन, पण माझ्या सुईला आता कोण दार उघडणार?"

ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या सकाळी मी येते," मी म्हटलं. "हवालदारला घेऊन. घरोघरी सांगते."

"काय सांगाल?"

"मी मागच्या फाटकातून गेले, हे."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पंचशील घेतलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणायला नेहमीपेक्षा वेळ लागला. हवालदारचं तोंड उतरलं होतं, फक्त एक ओठ जाडसर होता, त्यामुळे तो कुणावर तरी रुसल्यासारखा दिसत होता. मी कालची साडी धुऊन वाळत घातली आणि साधी निळी नेसले.

लटारूभाऊ आमच्या फाटकाशी उभे होते. बातमी त्यांना कळली होती. बातमी सगळ्यांनाच कळली होती, भोंग्यातून.

"बाई, तिथी जाऊन आपलंच नाव काऊन खराब करता? सांगा का कुत्र्यानं रानात काहीतरी खाल्लं. कुत्रा काही तोंड उघडून सांगाले जात नाई."

"तो नाही सांगणार, भाऊ."

"मंग?"

सातची बस आली. वाहकानं हवालदारकडे पाहून मान हलवली आणि दार लावून घेतलं. बस गेली. पिंपळटोला पाच किलोमीटर. रस्त्यावर धुकं होतं, शेतात बायका आधीच वाकल्या होत्या. पहिल्या बांधाशी पोचलो तशी त्यातली एक सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पट्टा जरा आखूड धरला, तिला नमस्कार केला, आणि हवालदार आणि मी चालू लागलो.